घरखरेदी
घरखरेदी : राहते घर, सदनिका किंवा घर व त्याखालील जमीन मोबदला देऊन कायम मालकीने संपादन करण्याची प्रक्रिया. भारतात ती मुख्यतः मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ व नोंदणी अधिनियम, १९०८ यांनुसार चालते. १०० रु. वा त्याहून अधिक किंमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री केवळ नोंदणीकृत खरेदीखतानेच होऊ शकते.

व्यवहाराचा प्रारंभ बहुधा इसार देऊन होतो. इसारपावतीनंतर साठेखत करतात. त्यात किंमत, हप्ते, मुदत व मिळकतीची चतुःसीमा नमूद असते. साठेखताने मालकी मिळत नाही; ठरलेल्या अटींवर खरेदीखत करून मागण्याचा हक्क तेवढा मिळतो. या भेदाकडे दुर्लक्ष झाल्याने अनेक कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी अडकून पडते. केवळ कुलमुखत्यारपत्र व साठेखत यांच्या आधारे मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले.

सर्वांत महत्त्वाचा टप्पा विक्रेत्याच्या हक्काच्या तपासणीचा होय. नोंदणी ही दस्तऐवजाची असते. विक्रेत्याचा हक्क निर्दोष असल्याची हमी शासन तीतून देत नाही. म्हणून सामान्यतः मागील ३० वर्षांचे दस्त दुय्यम निबंधक कार्यालयात पाहण्याचा प्रघात आहे. निफाड तालुक्यात मुंबई-आग्रा महामार्गावरील पिंपळगाव बसवंत हे द्राक्षे, कांदा व टोमॅटो यांच्या व्यापाराचे मोठे केंद्र आहे. अशा बाजारगावी दोन प्रकारची घरे विक्रीस येतात : जुन्या गावठाणातील वडिलोपार्जित घरे आणि भोवतालच्या शेतजमिनीवर पाडलेल्या भूखंडांवरील नवी घरे. दोहोंतील धोके निरनिराळे आहेत.

गावठाणातील घरास सातबारा नसतो. नगरभूमापन झाले असल्यास मिळकत पत्रिका, अन्यथा घरपट्टी आकारणीचा उतारा एवढाच कागद बहुधा हाती येतो. परंतु आकारणीची नोंद हा मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. शिवाय घर एकाच भावाच्या नावावर दिसले, तरी त्यात इतरांचे हिस्से असू शकतात. हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना जन्मतः सहदायाद हक्क मिळाला. त्यामुळे बहिणींची संमती वा नोंदणीकृत हक्कसोडपत्र न घेता केलेला व्यवहार पुढे दाव्यात सापडू शकतो. ‘बहिणींचे काही म्हणणे नाही’ हे तोंडी आश्वासन येथे निरुपयोगी ठरते.

शेतजमिनीवरील भूखंडाबाबत बिनशेती वापर, मंजूर रेखांकन व पोचरस्ता पाहावा लागतो. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्यांच्या हस्तांतरणावर निर्बंध घातले. तरीही गुंठ्यागुंठ्याने विक्री होत राहिल्याने अशा वसाहती नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारी कायदा करावा लागला. सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना बारकाईने वाचणे आवश्यक असते. सेवा सहकारी संस्थेच्या वा बँकेच्या पीककर्जाचा बोजा, कुळाचा हक्क, न्यायप्रविष्ट वाद यांच्या नोंदी तेथे आढळतात. मूळ दस्त गहाण ठेवून काढलेले कर्ज मात्र सातबाऱ्यावर दिसेलच असे नाही. म्हणून मूळ कागद समक्ष पाहावेत.

बांधकाम चालू असलेल्या सदनिकेबाबत स्थावर संपदा अधिनियम, २०१६ लागू होतो. लहान प्रकल्पांस काही सवलती आहेत. नोंदणीकृत करार केल्याशिवाय विकासकास किंमतीच्या १०% हून अधिक रक्कम स्वीकारता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७०% रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते आणि ताब्यानंतर ५ वर्षांत आढळलेला रचनादोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो.

खरेदीखतावर मुद्रांक शुल्क भरून ते निष्पादनापासून ४ महिन्यांच्या आत नोंदणीस सादर करावे लागते. त्यानंतर महसुली अभिलेखात फेरफार होतो. नोटिशीनंतर १५ दिवसांत हरकत न आल्यास नोंद प्रमाणित केली जाते. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही. पण तो राहून गेल्यास अभिलेखात जुन्याच मालकाचे नाव राहते व त्याच मिळकतीची पुन्हा विक्री करण्यास वाव मिळतो.