डीव्हीडीवाचून लॅपटॉप पुन्हा कार्यक्षम

शाळा व ग्रामपंचायत कार्यालयांतील जुना लॅपटॉप बंद पडला नसतानाही पुष्कळदा कपाटात जाऊन पडतो. त्यातील कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, कालबाह्य झालेली असते आणि नवी बसवावी तर डीव्हीडी घालण्याची सोय नसते. परंतु तेवढ्यावरून यंत्र निकामी समजण्याचे कारण नाही. हे काम आता साध्या पेनड्राइव्हने होते.

विंडोज १० या प्रणालीचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आवश्यक असल्याने अनेक जुन्या यंत्रांवर ती अधिकृतपणे बसविता येत नाही. अशा वेळी लिनक्सवर आधारलेल्या विनामूल्य प्रणालींचा विचार करावा. डेबियन ही त्यांपैकीच एक असून सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही प्रणालीही तिच्यावरच आधारलेली आहे. मात्र ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ पासून ३२-बिट संगणकांवर नव्याने स्थापना करण्याची सोय राहिलेली नाही. म्हणून आपले यंत्र ६४-बिट असल्याची आधी खात्री करावी.

सर्वप्रथम लॅपटॉपमधील दाखले, नोंदी व विद्यार्थ्यांची माहिती अन्यत्र उतरवून घ्यावी आणि त्या फाईली दुसऱ्या संगणकावर उघडतात, हे पाहावे. ही पायरी गाळल्यास झालेली हानी बहुधा भरून निघत नाही.

त्यानंतर चालू स्थितीतील संगणकावर प्रणालीची आयएसओ फाईल अधिकृत संकेतस्थळावरून उतरवावी. ती पेनड्राइव्हवर नुसती ठेवून विंडोज संगणकावर भागत नाही. ‘रुफस’सारख्या साधनाने ती विशिष्ट रीतीने लिहावी लागते. या क्रियेत पेनड्राइव्हवरील पूर्वीचा मजकूर पुसला जातो. आठ गिगाबाईटचा पेनड्राइव्ह सामान्यतः पुरतो.

पेनड्राइव्ह जोडून लॅपटॉप सुरू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकी ठरावीक कळ दाबली असता, प्रणाली कोठून सुरू करावयाची याची यादी पडद्यावर येते. कळ कंपनीनुसार बदलते. यादीतून पेनड्राइव्ह निवडावा. ‘लाइव्ह’ स्वरूपाची प्रणाली घेतली असल्यास ती न बसविताच चालवून पाहता येते. वाय-फाय, ध्वनी, मराठी टंकलेखन व मुद्रण यांची चाचणी तेव्हाच करून घ्यावी. समाधान झाल्यावरच स्थापना सुरू करावी. ‘संपूर्ण डिस्क वापरा’ हा पर्याय निवडल्यास जुने सर्व काही नष्ट होते, याचे भान ठेवावे.

कार्यालयातील एखादी आज्ञावली किंवा डिजिटल स्वाक्षरीचे साधन केवळ विंडोजवरच चालत असेल, तर त्या कामाचा लॅपटॉप या प्रयोगासाठी घेऊ नये. तसेच यंत्र जडवस्तू संग्रह नोंदवहीत असल्याने सक्षम अधिकाऱ्याची अनुमती आधी घ्यावी. एवढी दक्षता घेतल्यास निर्लेखनाच्या वाटेवरील लॅपटॉप वर्गातील विद्यार्थ्यांच्या पुन्हा उपयोगी पडू शकेल.