चिनी मुले अडतात तिथेच आपली मुले अडतात

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात पाठ्यपुस्तकाबाहेरचा एक उतारा येतो. त्यावर प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरे त्या उताऱ्यातच दिलेली असतात. गाईड पाठ करायला नको, निबंध घोकायला नको. समोर आहे ते वाचायचे आणि लिहायचे. तरीही आपल्या वस्त्यांतील मुले नेमकी याच प्रश्नात गुण घालवून बसतात. प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात ज्या ओळीत दिसेल, ती अख्खी ओळ उत्तर म्हणून उतरवून काढतात. लागला तर बाण. हे मुलांच्या आळशीपणामुळे घडते असे पुष्कळ पालकांना वाटते. मला तसे वाटत नाही.

मिरजेत आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात दर रविवारी सकाळी आठवी ते बारावीच्या मुलांचा इंग्रजीचा सराववर्ग चालतो. फी नाही. मी व्यवसायाने कारकून, शिक्षण बी. कॉम.; त्यामुळे प्राध्यापकाचा आव आणण्याचे कारण नाही. मुलांचे वडील कोणी गवंडी, कोणी हमाल, कोणी रेल्वेत रोजंदारीवर. आई कुणाची दवाखान्यात आया, तर कुणाची चार घरची धुणीभांडी करणारी. काही मुलांच्या घरी कानडी बोलतात, काहींच्या घरी उर्दू. वर्गासाठी सरावाचा मजकूर शोधता शोधता चिनी भाषा बोलणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तयार केलेले इंग्रजी व्याकरणाचे व उतारावाचनाचे सराव हाती लागले. म्हटले, पाहू तरी, हे लोक कुठे चुकतात. पाहतो तो काय, निम्म्या चुका आमच्या रविवारच्या वह्यांतल्याच!

चीनमध्येही इंग्रजी हा गोरगरिबांच्या मुलांपुढचा डोंगरच आहे. तिथे विद्यापीठ प्रवेशाची जी मोठी परीक्षा होते, तिच्यात चिनी भाषा, गणित आणि परकीय भाषा हे तीन विषय प्रत्येकी १५० गुणांचे, आणि परकीय भाषा म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत इंग्रजीच. तिथल्या शिक्षण मंत्रालयाने २००१ साली प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी आणण्याचे ठरविले. आपल्या महाराष्ट्राने त्याच्या एक वर्ष आधी, जून २००० पासून, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केले होते. तोपर्यंत आपल्याकडे पाचवीत एबीसीडी सुरू होत असे. म्हणजे दोन्हीकडे एकाच सुमारास एकच निकड सरकारांना जाणवली. खेड्यातल्या मुलाच्या घरात इंग्रजी बोलणारे कोणी नाही, ही अडचणही दोन्हीकडे सारखीच.

आता भाषेकडे वळू. चिनी भाषेत क्रियापद कधी बदलत नाही. 'मी काल जा', 'तो उद्या जा', 'त्या रोज जा' अशा धर्तीचा सगळा कारभार. काळ कळतो तो काल, उद्या अशा शब्दांवरून, किंवा काम पुरे झाले असे सुचविणाऱ्या एखाद्या छोट्या अक्षरावरून. अनेकवचनासाठी नामाचे रूपही बदलत नाही. उलट, आकडा आणि वस्तू यांच्यामध्ये आपल्या 'दोन नग', 'चार जोड' यांसारखा एक मोजणीचा शब्द घालावाच लागतो. पुस्तकाला वेगळा, माणसाला वेगळा. बोलताना 'तो' आणि 'ती' यांचा उच्चारही एकच. मग तो विद्यार्थी 'यस्टर्डे आय गो' लिहितो आणि आईबद्दल बोलताना मध्येच 'ही' म्हणून जातो, यात नवल ते काय?

आपले मूल या बाबतीत श्रीमंत आहे. गेलो, गेले, गेली, गेलीस, गेलात, गेल्या. इतकी रूपे ते चौथ्या वर्षी न शिकवता बोलते. त्याला 'वेंट' हे एकच रूप सगळ्यांना चालते म्हटले की सुटकाच वाटायला हवी. पण आमची श्रीमंती कधी कधी अंगलट येते. खुर्ची 'ती', म्हणून 'शी'. टेबल 'ते', म्हणून 'इट' बरोबर आले, पण ते नशिबाने. आणि आदरार्थी बहुवचन! 'वडील कामावर गेले आहेत' हे मूल प्रामाणिकपणे 'माय फादर आर गॉन' असे लिहिते. बापाला एकवचनात लिहायला त्याचा हात धजत नाही. अशा चुकीवर लाल शाईची फुली मारण्याआधी शिक्षकाने क्षणभर थांबावे. मुलाला संस्कार आहेत, फक्त इंग्रजीत आदर क्रियापदातून दाखवीत नाहीत, एवढेच सांगायचे आहे.

'ही गोज' मधला तो शेवटचा 'स' तर चिनी आणि मराठी, दोन्ही मुलांचा वैरी. चिनी मूल तो विसरते, कारण क्रियापदाला शेपूट असते हेच त्याच्या कानाला नवे. आपले मूल तो चुकीच्या ठिकाणी लावते. 'बुक्स' म्हणजे अनेक पुस्तके, म्हणजे 'स' हा अनेकवचनाचा, असे त्याने एकदा पक्के केलेले असते. मग 'दे गोज' आणि 'ही गो'. त्याच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. हा हिशेब फळ्यावर उघडा करून दाखविला तर बरीच मुले लवकर सुधारतात. नुसते 'चूक' म्हटले तर वर्षभर सुधारत नाहीत.

काही चुका तर दोघांच्या अगदी जुळ्या भावंडांसारख्या. आपण 'जरी तो गरीब असला, तरी तो प्रामाणिक आहे' असे म्हणतो. जरीला तरी हवाच. चिनी भाषेतही अशीच जोडी लागते. म्हणून दोन्हीकडची मुले 'ऑल्दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट' असे लिहितात. इंग्रजीत जोडीतला एकच ठेवायचा, 'ऑल्दो' तरी किंवा 'बट' तरी. 'बिकॉज' आणि 'सो' यांचेही तसेच.

दुसरे, नकारार्थी प्रश्नाचे उत्तर. 'तू काल आला नाहीस?' असे विचारले तर आपण 'हो, नाही आलो' म्हणतो. चिनी माणूसही असेच उत्तर देतो. इंग्रजीत मात्र आलो नसेन तर 'नो' म्हणायचे. मुलाखतीत साहेबाने 'यू हॅव नॉट ब्रॉट युवर सर्टिफिकेट?' असे विचारले आणि मुलगा 'यस' म्हणाला, तर साहेब प्रमाणपत्र मागत बसतो आणि मुलगा गोंधळून उभा राहतो. रेल्वे भरतीची लेखी परीक्षा मराठीतून देता येते हे खरे. पण पुढे नोकरीत इंग्रजी परिपत्रके वाचावी लागतात आणि तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या माणसाला 'यात काय लिहिले आहे हो?' असे विचारण्याची पाळी येते. मी कचेरीत वावरतो. असे विचारणाऱ्याला काय किंमत मिळते, ते रोज पाहतो.

आता मुख्य गाठ. उतारा का समजत नाही? शब्द अडतात म्हणून, असे सर्व सांगतात आणि मुलांच्या हातात शब्दसंग्रहाचे पुस्तक देतात. शब्द अडतात, खरे. पण सगळे शब्द माहीत असूनही वाक्य समजत नाही, असा अनुभव आम्हाला वारंवार आला. एक वाक्य पाहा: 'द नर्स हू लिव्ह्ज निअर द मार्केट गेव्ह द ओल्ड मॅन द मेडिसिन विच द डॉक्टर हॅड सेंट.' यात अवघड शब्द एकही नाही. मिरजेच्या मुलाला नर्स, मार्केट, डॉक्टर, मेडिसिन हे शब्द तर बारशापासून ठाऊक. प्रश्न विचारला, 'हू सेंट द मेडिसिन?' वर्गातल्या बहुतेकांनी लिहिले, 'द नर्स'. कारण वाक्याच्या सुरुवातीला नर्स आहे, म्हणजे कर्ता नर्स, म्हणजे सगळे तिनेच केले.

चिनी विद्यार्थी इथेच अडतो, आणि का अडतो हे समजले की आपलेही कोडे सुटते. चिनी वाक्याची साधी रचना इंग्रजीसारखीच असते, 'मी खातो भात' अशी; आपल्यासारखे क्रियापद शेवटी नसते. या बाबतीत त्यांना सोपे. परंतु माणसाची ओळख सांगायची झाली की ते ती माणसाच्या आधी सांगतात. 'काल आलेला माणूस' हे आपण ज्या क्रमाने म्हणतो, त्याच क्रमाने चिनी माणूस म्हणतो. इंग्रज मात्र आधी माणूस उभा करतो आणि ओळख मागून सांगतो: 'द मॅन हू केम यस्टर्डे'. ओळख आधी ऐकण्याची सवय असलेल्या डोक्याला 'द मॅन' दिसला की वाटते, आता याने काय केले ते येणार. आणि मध्येच 'हू केम यस्टर्डे' आडवे येते. तिथे वाक्याचा धागा सुटतो.

पण मराठीजवळ एक किल्ली आहे जी चिनी भाषेजवळ नाही. ती म्हणजे जो-तो. 'जो माणूस काल आला, तो' असे आपण सहज म्हणतो. 'जी नर्स मार्केटजवळ राहते, तिने म्हाताऱ्याला औषध दिले. कोणते औषध? जे डॉक्टरांनी पाठवले होते, ते.' इंग्रजीतले 'हू', 'विच', 'दॅट' दिसले की तिथे पेन्सिलीने जो, जी, जे लिहायचे आणि ते कुठल्या शब्दाला चिकटते तिकडे बाण काढायचा, एवढाच नियम आम्ही केला. महिनाभरात 'द नर्स' लिहिणाऱ्यांपैकी बरीच मुले 'द डॉक्टर' लिहू लागली. घरी कानडी बोलणाऱ्या मुलांना 'आलेला माणूस' ही रचना जास्त जवळची वाटते, त्यांना थोडा वेळ अधिक लागतो. पण तीही मराठी शाळेत शिकतात, त्यामुळे जो-तो त्यांना परका नाही.

चिनी शिक्षक वाचनाचे दोन भाग करतात. एक बारीक वाचन: एक परिच्छेद घ्यायचा, तासभर त्याची चिरफाड करायची. दुसरे भरभर वाचन: सोपा मजकूर पुष्कळ वाचायचा, प्रत्येक शब्दापाशी थांबायचे नाही. आपल्याकडे पहिल्याची नक्कल होते, तीही अर्धवट, म्हणजे शिक्षक अर्थ सांगतात आणि मुले लिहून घेतात. दुसऱ्याचे नावच नाही. मुलाने दहावीपर्यंत पाठ्यपुस्तक सोडून इंग्रजीचे एक पानही वाचलेले नसते. आम्ही यासाठी खर्च करीत नाही. औषधाच्या वेष्टनावरच्या सूचना, रेल्वे स्थानकावरच्या पाट्या, बँकेची स्लिप, गॅसच्या पुस्तकावरचे नियम हे सगळे इंग्रजी घरात फुकट येऊन पडलेले असते. 'ट्वाइस अ डे आफ्टर फूड' हे ज्या मुलीने आजीला वाचून दाखविले, तिच्या इंग्रजीला घरात त्या दिवसापासून मान मिळतो. हा मान फार उपयोगी पडतो.

त्यांचा आणखी एक सराव मला फार आवडला. त्यांच्या प्रवेश परीक्षेत अनेक वर्षे एक प्रश्न असे: छोटा परिच्छेद द्यायचा, त्यात दहा चुका पेरलेल्या, विद्यार्थ्याने त्या शोधून दुरुस्त करायच्या. आम्ही चुका पेरत नाही, त्या वह्यांत आयत्याच उगवलेल्या असतात. नाव न सांगता पाच-सहा ओळी फळ्यावर लिहायच्या: 'माय फादर आर वर्क इन रेल्वे. दे गोज टू वर्क ॲट सिक्स. ऑल्दो ही इज टायर्ड, बट ही टीच मी.' मुले तुटून पडतात. ज्याचे वाक्य असते, तोच कधी कधी सर्वांत आधी हात वर करतो.

भाषांतराला आता नव्या पद्धतीचे लोक नाके मुरडतात. परंतु आपल्याच शेजारच्या साताऱ्यात १९०० साली इंग्रजी शाळेत नाव घातलेल्या भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याकडून त्याचे वडील रामजी सुभेदार यांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरी पाठ करून घेतली होती, हे चरित्रांत नमूद आहे. सुभेदार स्वतः लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, त्यांना ते जमले. आपल्यातल्या बहुतेक बापांना तर्खडकर उघडून शिकविता येणार नाही, ही अडचण मला मान्य आहे. त्यावरचा उपाय पुढे सांगतो. उलट दिशेचेही उदाहरण आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, चिनी भाषा शिकले आणि तिथल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना त्याच भाषेतून शिकवू लागले. डिसेंबर १९४२ मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी ते तिथेच वारले. मोठ्या वयात अगदी परकी भाषा कामापुरती नव्हे, शिकविण्यापुरती येऊ शकते, एवढ्यासाठी मी त्यांचे नाव मुलांना सांगतो.

इथे इंग्रजी माध्यमाबद्दल दोन शब्द. कर्ज काढून, दागिना गहाण टाकून मूल इंग्रजी माध्यमात घालणारी कुटुंबे आपल्या वस्तीत वाढत आहेत. त्यांची तळमळ मी जाणतो. परंतु आमच्या वर्गात त्या शाळांची मुलेही येतात, आणि 'द नर्स' असे उत्तर लिहिणाऱ्यांत ती मागे नव्हती. उच्चार फाकडू, वाचन सफाईदार, अर्थ मात्र तितकाच अंधुक. फी भरली म्हणजे उतारा समजेल, अशी हमी कुणी देत नाही.

आता पालकांसाठी. ज्यांना इंग्रजी अजिबात येत नाही, अशा आई-वडिलांनाही हा सराव घरी घेता येतो. मुलाला उताऱ्यातले एक वाक्य मोठ्याने वाचायला सांगा आणि मराठीत विचारा: कोणी केले? काय केले? कोणाला? कधी? 'कोणी केले' याचे उत्तर देताना मूल अडखळले, की समजा तिथे जो-तो लपला आहे. ते वाक्य पेन्सिलीने खूण करून रविवारी वर्गात आणायला सांगा. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीची आई चौथीपर्यंत शिकलेली आहे, दवाखान्यात आयाचे काम करते. भाकऱ्या थापता थापता ती रोज असे पाच प्रश्न विचारते. मुलीला नर्सिंगला जायचे आहे आणि तिथली पुस्तके इंग्रजीत असतात. मागच्या रविवारी तिच्या वहीत सात वाक्यांना खुणा होत्या. त्यातली चार तिने घरीच सोडविली होती, तीन वर्गात सोडविली.