गर्दीच्या रिंकवर आपली प्रगती कशी ओळखावी?

टोरांटोच्या नेथन फिलिप्स चौकात, १९६५ साली खुल्या झालेल्या सिटी हॉलसमोर एक तळं आहे. हिवाळ्यात त्याचंच रिंक होतं. प्रवेश फुकट, स्केट भाड्याने मिळतात. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी तिथे मुंगीला शिरायला जागा नसते. वेग घेता येत नाही, गिरकी तर दूरच. मग शिकणाऱ्याला वाटतं, आपण होतो तिथेच आहोत. खरं तर प्रगती झालेली असते, ती कुठे बघायची हे ठाऊक नसतं.

बर्फावरची रेघ

झँबोनी गाडी बर्फ खरवडून, वर गरम पाण्याचा पातळ थर देऊन गेली की लगेच उतरा. एका पायावर थोडं सरका आणि बाजूला होऊन आपलीच खूण बघा. स्केटच्या पात्याला खालून बारीक खोबण असते, म्हणून त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा. पातं सरळ उभं राहिलं तर जोडरेघ उमटते; एका धारेवर तोल आला की एकच, किंचित वळलेली रेघ. ती एकेरी रेघ दिसायला मला दोन हिवाळे लागले. पाच-सात मिनिटांत इतरांच्या खुणांत ती बुजून जाते, तेवढ्यात बघून घ्यावी.

आवाज

फिगर स्केटच्या टोकाला दाते असतात. नवशिका त्यांनीच बर्फ ढकलतो आणि खरखर होते. पाय बाजूला रेटून धारेने ढकलायला लागलं की ती कमी होते.

थांबणं

माझ्या मते खरी कसोटी हीच, आणि ती गर्दीच घेते. पुढ्यात एखादं पोर धप्पकन बसतं. तेव्हा हात हवेत जातात, की गुडघे आपोआप वाकतात, टाचा बाहेर पडतात आणि पात्यांपुढे बर्फाचा भुगा साचतो? विचार न करता थांबलात, तर तो दिवस वहीत लिहून ठेवा.

एकाच बाजूची सवय

सार्वजनिक रिंकवर बहुधा सगळे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे डावं वळण सुधारतं, उजवं कच्चंच राहतं. सकाळी गर्दी नसताना मोकळा कोपरा गाठून उजवीकडची छोटी वर्तुळं घ्यावीत.