वास मेथीचा, की दुखण्याचा?

आमच्या वहिनीचं बाळंतपण झालं तेव्हा मी शाळेतून पंधरा दिवसांची रजा टाकून माहेरी, सुलतानपूरला गेले होते. मेहकरहून लोणारला जाताना लागतं ते आमचं सुलतानपूर. घरात पाऊल टाकलं आणि बाळंतिणीच्या खोलीचा तो ओळखीचा वास नाकात शिरला. ओव्याची धुरी, मालिशचं तेल आणि या सगळ्यांवर मात करणारा मेथीच्या लाडवांचा वास! आईनं डबा भरून लाडू वळून ठेवले होते आणि वहिनीला सकाळ-संध्याकाळ एक-एक लाडू खावाच लागत होता.

सातव्या-आठव्या दिवशी आई मोरीवर बाळाचे लंगोट धूत होती. एकदम थबकली आणि मला हाक मारून म्हणाली, "काय वं माय, लेकराच्या लंगोटाले गुळाच्या पाकासारखा वास येऊन राह्यला!"

मी लंगोट नाकाशी नेला. खरंच की! थेट काकवीचा वास. माझ्या पोटात गोळाच आला. मी विज्ञान शिकवते. नवजात बाळाच्या लघवीला साखरेच्या पाकासारखा वास येतो असा एक गंभीर आजार असतो, एवढं कधीतरी वाचलेलं होतं. अर्धवट ज्ञानाचा त्रास असा, की भीती पूर्ण वाटते आणि उत्तर मात्र अर्धंच माहीत असतं.

आजी मात्र खाटेवर बसल्या बसल्या म्हणाली, "काही होत नाही. मेथी हाय ते. मायनं खाल्लं ते लेकरानं पेलं. तुह्या वक्ताले बी असाच वास येत होता."

तरीही आम्ही बाळाला घेऊन मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बाळ दूध नीट ओढतंय का?" दुसरा, "रडणं खणखणीत आहे ना?" आणि तिसरा, "आई काय खातेय?" बाळाला तपासलं आणि हसून म्हणाले, "तुमच्या आजी बरोबर सांगतात. चार दिवस लाडू थांबवा. वास गेला नाही किंवा बाळ दूध प्यायला कंटाळलं, तर मात्र लगेच घेऊन या." लाडू थांबले आणि दोन-तीन दिवसांत लंगोटांचा वास गेला. आजीची मान ताठ झाली!

मैत्रिणींनो, मेथीत सोटोलॉन नावाचं एक सुगंधी द्रव्य असतं. परदेशात मेपलच्या झाडाच्या रसापासून पाक करतात, त्यातही ते असतं. म्हणून मेथी खाल्लेल्या माणसाच्या घामाला आणि लघवीला पाकासारखा गोडसर वास येऊ शकतो आणि आईच्या दुधातून तो बाळापर्यंतही पोचतो. मी ज्या आजाराला घाबरले होते, तो अमेरिकेतल्या डॉ. जॉन मेंकीस यांनी १९५४ मध्ये प्रथम नोंदवला. त्यात बाळाच्या शरीराला प्रथिनांमधले काही घटक पचवता येत नाहीत. बाळ दूध सोडतं, सुस्त पडतं आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर जिवावर बेततं. नशिबानं हा आजार फार दुर्मिळ आहे. पण मेथीमुळे डॉक्टरांचीही गफलत होऊ शकते बरं का! आईनं बाळंतपणाच्या आधी मेथी घेतल्यामुळे नवजात बाळाला असाच वास आला आणि या आजाराची शंका घेतली गेली, असा अनुभव इस्रायलमधल्या डॉक्टरांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केला होता.

मेथीच्या वासाची आणखी एक गंमत. २००५ पासून न्यूयॉर्क शहरात अधूनमधून हवेत पाकाचा गोड वास पसरायचा. लोक घाबरून फोन करायचे. कुणी विषारी वायू सोडला की काय, अशीही शंका आली. अखेर २००९ मध्ये छडा लागला. शेजारच्या न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात मेथीच्या दाण्यांवर प्रक्रिया चालत होती आणि तो वास वाऱ्याबरोबर शहरात येत होता. आमच्या आजीला विचारलं असतं, तर तिनं घरबसल्या सांगितलं असतं!

आता प्रश्न असा, की खाल्लेल्या पदार्थाचा वास तिथपर्यंत जातोच कसा? आपण जे खातो ते आतड्यात पचतं, रक्तात मिसळतं, यकृत त्याची आणखी मोडतोड करतं आणि नको असलेलं मूत्रपिंडाकडे जातं. आपली दोन मूत्रपिंडं दिवसभरात साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यातलं बहुतेक परत रक्तात घेतलं जातं आणि दीड-एक लिटर लघवी बनते. अन्नातली काही द्रव्यं हवेत सहज उडून जाणारी असतात. तीच आपल्या नाकाला कळतात.

त्यात सगळ्यात पुढे असतो गंधक. लोणारच्या सरोवराकाठी उतरलेल्यांना तो सडक्या अंड्यासारखा वास आठवत असेल. तो गंधकाच्या वायूचा. लसूण, कांदा, हिंग, मुळा, कोबी यांच्यातही गंधकाची द्रव्यं असतात. लसणाचा ठेचा आणि भाकरी हाणली, की तास-दोन तासांत त्याची वर्दी तोंडाला येते, घामाला येते आणि लघवीलाही येते. नुसते दात घासून लसणाचा वास जात नाही तो यामुळेच. तो तोंडातून नव्हे, रक्तातून येत असतो.

या बाबतीत जगात सगळ्यात बदनाम भाजी म्हणजे आपल्या शतावरीची परदेशी बहीण, अ‍ॅस्परॅगस. तिच्या कोवळ्या कोंबांची भाजी खाल्ली, की अर्ध्या तासात लघवीला उग्र वास येतो. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८१ मध्ये एका खोडकर लेखात त्याचा उल्लेख केला आहे. १८९१ मध्ये नेंत्स्की नावाच्या शास्त्रज्ञानं त्यामागचा गंधकाचा वायू ओळखला. पण खरी गंमत पुढेच आहे. अमेरिकेत सुमारे सात हजार लोकांना विचारून केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या जवळपास साठ टक्के लोकांना हा वास कळतच नव्हता! कारण वास ओळखण्याची ताकद आपल्याला जनुकांतून मिळते. म्हणजे एखादी म्हणाली "मला वास येतोय" आणि दुसरी म्हणाली "मला नाही बाई येत", तर दोघीही खऱ्या असू शकतात.

बाकी रोजचे अनुभव तर आहेतच. कॉफी जास्त झाली की कॉफीचा वास. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली की लघवी हळदीसारखी पिवळीधमक होते आणि वासही बदलतो. बीट खाल्लं की काहींची लघवी लालसर होते आणि रक्त गेलं की काय म्हणून धसका बसतो. नवरात्रात कडक उपवास केला, की शरीर साठवलेली चरबी जाळू लागतं आणि तोंडाला व लघवीला पिकल्या फळासारखा वास येतो. आणि पाणी कमी प्यायलं, की नुसताच उग्र, नाकात झोंबणारा वास. हे सगळे वास आले तसे जातात. तो पदार्थ थांबवला, पाणी वाढवलं, की एक-दोन दिवसांत सगळं जागेवर.

पण आमच्या घरातली गोष्ट इथे संपली नाही.

लाडू थांबल्यावर बाळाच्या लंगोटांचा वास गेला. वहिनीचा गेला नव्हता. आणि ही गोष्ट वहिनीशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. तिला आधीपासूनच लघवीला वास येत होता, जळजळही होत होती. पण "मेथी हाय ते" हे आजीचं वाक्य तिनं स्वतःलाही लावून घेतलं. त्यात "बाळंतिणीनं पाणी कमी प्यावं, पोट सुटते" हा घरातला जुना नियम. आणि मोरी घराच्या मागे, अंगण ओलांडून. रात्री सासऱ्यांच्या खाटेसमोरून सारखं कसं जायचं, म्हणून ती तासन् तास दाबून ठेवत होती. त्या वासाचं कारण लाडवात नव्हतंच.

एके रात्री तिला हुडहुडी भरली. अंगावर दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. ताप चढला, कंबरेच्या वर एका बाजूला असह्य कळ. सकाळी गाडी करून दवाखान्यात नेलं. लघवीची तपासणी झाली. जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता. पाच दिवस सलाइन, इंजेक्शनं, आणि इकडे बाळ वाटी-चमच्यावर. वहिनी बरी झाली, पण डॉक्टरीणबाईंनी विचारलेला प्रश्न माझ्या मनातून जात नाही. "इतके दिवस सांगितलं का नाही?" वहिनी खाली मान घालून म्हणाली, "असं काय सांगाव बाई? लाज वाटे."

मला जास्त लाज माझी वाटली. दरवर्षी मी वर्गात फळ्यावर मूत्रपिंडाची आकृती काढते. बाळाच्या लंगोटाचा वास घेऊन मी दवाखान्यात धावले, पण शेजारी निजलेल्या वहिनीला "तुला लघवीला काही त्रास नाही ना गं?" एवढं विचारायला माझी जीभ उचलली नाही. आपल्याकडे त्याला सरळ शब्दसुद्धा वापरत नाहीत. "बाहेर जाऊन येते" म्हणायचं!

आणि हा प्रश्न एकट्या बाळंतिणीचा नाही. कापूस वेचायला, सोयाबीन सोंगायला गेलेली बाई सकाळी आठला घर सोडते. आडोसा नाही, म्हणून पाणीच पीत नाही. एसटीनं प्रवास करणारी, शाळेत शिकवणारी, ऑफिसात जाणारी यांचंही तेच. बाईची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर, पुरुषाची त्याच्या कितीतरी पट लांब. त्यामुळे जंतूंना आपल्याकडे वाट सोपी. त्यात पाणी कमी आणि दाबून ठेवायची सवय, मग दुखणं आलंच समजा. गरोदरपणात तर असा संसर्ग काही लक्षणं न दाखवताही असू शकतो आणि त्यानं दिवस भरायच्या आत बाळंतपण होऊ शकतं. तेव्हा लघवी तपासतात ती उगाच नाही. ती तपासणी चुकवू नका.

एका आईची गोष्ट सांगते. नॉर्वेमधल्या बोर्गनी एगेलान या बाईच्या दोन्ही मुलांची बौद्धिक वाढ होत नव्हती आणि मुलांना एक विचित्र कुबट वास येत होता. ती डॉक्टरांमागून डॉक्टर पालथे घालत होती आणि प्रत्येकाला त्या वासाबद्दल विचारत होती. कुणी लक्ष दिलं नाही. शेवटी डॉ. आस्ब्योर्न फोलिंग यांनी तिचं म्हणणं मनावर घेतलं, मुलांची लघवी तपासली आणि १९३४ मध्ये एक नवाच आजार जगासमोर आला. त्याला आज पीकेयू म्हणतात. तिच्या मुलांना त्याचा उपयोग व्हायला उशीर झाला होता. पण आज अनेक देशांत बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन हा आजार जन्मतःच ओळखतात आणि आहार बदलून त्या मुलांना वाचवतात. या सगळ्याची सुरुवात कुठून झाली? एका आईच्या नाकातून आणि गप्प न बसण्यातून!

म्हणून एवढंच लक्षात ठेवा. वास आला तर आधी आठवा, काल-परवा काय खाल्लं, कुठली नवी गोळी सुरू केली, पाणी किती प्यायलं. पाणी वाढवून आणि तो पदार्थ बंद करून दोन दिवस पाहा. पण जळजळ, वारंवार लागणं, ताप, कंबरेत कळ, गढूळ किंवा लाल लघवी यातलं काहीही सोबत असेल, तर दोन दिवसही थांबू नका. दिवस गेलेले असतील किंवा बाळंतपण नुकतंच झालं असेल, तरी थांबू नका. मधुमेह असेल आणि फळासारख्या वासाबरोबर फार तहान, उलट्या, धाप असं काही असेल, तर थेट दवाखाना गाठा. तान्ह्या बाळाला गोड वास येतोय आणि ते दूध ओढत नाही, मलूल पडलंय, तर मेथीवर ढकलून मोकळं होऊ नका. आणि डॉक्टरांनी दिलेला गोळ्यांचा कोर्स बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.

परवा वहिनीच्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण झालं. मेथीचे लाडू पाठवायला आजीनंच सांगितलं. डब्याबरोबर वहिनीनं एक मोठी पाण्याची बाटली ठेवली आणि फोनवर बहिणीला ठणकावून म्हणाली, "लाडू एक खाय, पाणी भरपूर पे. अन् लघवीले त्रास झाला तर पह्यले मले सांग. लाजू नोको."

आजी खाटेवर बसून ऐकत होती. तिनं मान डोलावली. मेथीला तिनं काही म्हणू दिलं नाही, पण पाण्याचा तो नियम मात्र आमच्या घरातून कायमचा गेला.