बातम्यांतली हिंसा आणि आपली मुले



पडद्यावरची मारामारी पाहून मुले मारकुटी होतात का, हा प्रश्न पालक मला वारंवार विचारतात. १९६१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात आल्बर्ट बांडुरा यांनी लहान मुलांसमोर एका मोठ्या माणसाला हवेच्या बाहुल्याला बडवायला लावले. पुढे तो बाहुला मिळाल्यावर मुलांनीही तेच केले. नंतरच्या प्रयोगात फिल्म दाखवूनही तसेच घडले. म्हणजे मुले नक्कल करतात, हे खरे. पण गेम खेळणारे मूल पुढे खुनशी होईल, असा अर्थ काढू नये. व्हिडिओ गेममुळे प्रत्यक्ष हिंसाचार घडतो असे म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये स्पष्ट केले. आरडाओरडा, ढकलाढकली थोडी वाढू शकते, एवढेच.

इथे दोह्यात मुलांमध्ये काम करताना मला जास्त काळजी वाटते ती खऱ्या हिंसेच्या चित्रांची. २३ जून २०२५ च्या संध्याकाळी इराणने अल उदैद तळावर क्षेपणास्त्रे सोडली, तेव्हा ती आकाशात फुटताना अनेकांनी घरातून पाहिली. ९ सप्टेंबरला इस्रायलने दोह्यातच हवाई हल्ला केला. दोन्ही वेळी स्फोट काही मिनिटांत थांबले, पण फोनवरचे व्हिडिओ कित्येक दिवस फिरत राहिले.

मोठ्यांना कळते की ही कालचीच चित्रफीत आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला मात्र ती दहादा दिसली तर दहा वेळा हल्ला झाला असे वाटू शकते. ते ठिकाण आपल्या घरापासून किती लांब, हेही त्याला उमगत नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर काही दिवसांतच अमेरिकेत पालकांची पाहणी झाली. शंभरातल्या ३५ मुलांमध्ये ताणाचे निदान एक तरी लक्षण आढळले. ज्या घरांत टीव्हीला आवर घातला नव्हता, तिथे मूल जितके तास टीव्ही पाहत होते तितकी लक्षणे जास्त होती. ही पाहणी देशभरची होती. त्यातली बहुतेक मुले हल्ल्याच्या जागेपासून खूप दूर राहणारी होती.

आपल्या समाजातल्या मुलांचा पेच आणखी अवघड आहे. इथे त्यांच्या वर्गात पॅलेस्टिनी आणि लेबनीज मुले असतात. तिकडे अश्दोद, बीरशेबाला आपलीच भावंडे भोंगा वाजला की निवाऱ्याकडे धावतात. दोन्हीकडचे व्हिडिओ घरातल्या एकाच फोनवर येतात, आणि त्यांखालचा मजकूर मुलाला कुणाचा तरी द्वेष करायला सांगतो. भीती आणि द्वेष एकदम मनात शिरले की मूल मित्राशी बोलणे सोडते, किंवा नातेवाइकांचे नाव घ्यायला घाबरते. समाजावर होणारा परिणाम म्हणतात तो इथून सुरू होतो.

मग करावे काय?

पहिले, फोनमधले व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणे आणि आपोआप सुरू होणे बंद करा. जेवताना बातम्या लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासापेक्षा जास्त पडदा नको. त्या तासात युद्ध तर नकोच.

दुसरे, मुलाला आधी विचारा, "तू काय पाहिलंस? तुला काय वाटलं?" मग खरे तेवढेच सांगा: "हल्ला झाला होता. आता तो थांबलाय. मी तुझ्याजवळ आहे." "काही झालंच नाही" म्हणू नका, शाळेत त्याला कळणारच आहे. मित्राच्या घरचे दुःखही खरे आणि आपल्या भावंडांची भीतीही खरी, हे दोन्ही त्याच्या कानावर पडू द्या.

तिसरे, कतारमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, त्यामुळे शब्बाथ पाळणे इथे सोपे जाते. किद्दुशपासून हवदालापर्यंत बातम्या बंद ठेवल्या तर घरातल्या मोठ्यांचेही मन शांत होते. मूल बातमीपेक्षा आईबापांच्या चेहऱ्याकडे जास्त पाहते.

सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, कारणाशिवाय पोट दुखणे, वाईट स्वप्ने, एकटे झोपायला नकार, अंगाला चिकटून राहणे, ही लक्षणे अशा घटनेनंतर काही दिवस दिसू शकतात. खेळात विमाने पाडणे हेही सहसा मन मोकळे करणेच असते. मात्र तोच खेळ रोज चालू आहे आणि मूल अधिकच घाबरते आहे, किंवा लक्षणे महिनाभर टिकली, झोप-जेवण-शाळा बिघडली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वेळेवर मदत मिळाली तर बहुतेक मुले यातून नीट बाहेर येतात.