लोकेशन : मसूर स्टेशन

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांचं बालपण तिथल्या फिल्मच्या विद्यार्थ्यांनी मित्रमंडळी गोळा करून पडद्यावर आणलं. तशा गोष्टी आपल्या साताऱ्यात, सांगलीतही आहेत. आणि कॅमेरा? तो तर तुमच्या खिशातच आहे!

प्रत्येक ऑफिसात एक तरी ‘डायरेक्टर’ असतोच. डबा खाता खाता तो शॉर्टफिल्मची स्टोरी ऐकवतो. हीरो मुंबईतला, एकटा, रात्रीचा पाऊस, शेवटी जबरी ट्विस्ट! आणि हा डायरेक्टर स्वतः कुठला? तर कराडचा, नाहीतर तासगावचा. दर शुक्रवारी स्वारगेटवरून एसटी पकडून गावी जाणारा. पण गाव काही त्याच्या स्टोरीत येत नाही. तिथे काय घडतं, असं त्याला वाटतं.

अशा सगळ्या लंच-ब्रेक डायरेक्टर्सनी आधी चार्ल्स बर्नेटची गोष्ट ऐकायला हवी.

वीकेंडचा सिनेमा

बर्नेट लॉस एंजेलिसच्या वॉट्स या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत वाढला. यूसीएलएमध्ये सिनेमा शिकताना त्याने ‘किलर ऑफ शीप’ बनवला, डिग्रीचा प्रोजेक्ट म्हणून. शूटिंग बहुतेक वीकेंडला. कलाकार म्हणजे मित्र आणि गल्लीतली पोरं. खर्च दहा हजार डॉलर्सच्याही आत. १९७७ मध्ये पूर्ण झालेल्या या ब्लॅक अँड व्हाइट सिनेमात ना मारामारी, ना भाषणं. कत्तलखान्यात राबून थकलेला बाप आहे आणि आजूबाजूला खेळणारी मुलं. पडक्या जागेत, रुळांच्या कडेला, एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर उड्या मारणारी. काळ्या मुलाचं बालपण कसं असतं, हे सांगायला एवढंच पुरलं.

पुढे? गाण्यांचे हक्क घेतले नव्हते म्हणून हा सिनेमा अमेरिकेतल्या थिएटर्समध्ये रीतसर लागला तो थेट २००७ मध्ये, तीस वर्षांनी! पण त्याआधीच, १९९० मध्ये, तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याच्या सिनेमांच्या यादीत त्याला स्थान दिलं होतं.

दुसरी गोष्ट तर खास तुमच्या-आमच्यासाठी. डी रीस ही एमबीए झालेली मुलगी. मार्केटिंगमधल्या नोकऱ्या केल्या आणि मग सरळ न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या फिल्म स्कूलमध्ये दाखल झाली. किशोरवयीन कृष्णवर्णीय मुलगी, आपल्याला मुली आवडतात हे घरी कसं सांगायचं या पेचात सापडलेली, हा तिच्या ‘परायाह’ या शॉर्टफिल्मचा विषय. २००७ ची ही स्टुडंट फिल्म २०११ मध्ये फुल लेंग्थ सिनेमा झाली.

आपला पिस्तुल्या

“ते अमेरिकेत चालतं हो,” असं म्हणणार असाल तर जरा थांबा. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा एक मुलगा तेव्हाच्या अहमदनगरमध्ये, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये, न्यू आर्ट्स कॉलेजात कम्युनिकेशन स्टडीज शिकत होता. कोर्सचा भाग म्हणून त्याने शॉर्टफिल्म केली, ‘पिस्तुल्या’. शाळेत जायची ओढ असलेला पोरगा आणि त्याला चोरीकडे ढकलणारी परिस्थिती, एवढीच गोष्ट. त्या मुलाचं नाव नागराज मंजुळे. पहिल्या दिग्दर्शनासाठी फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पिस्तुल्या झालेल्या सूरज पवारचाही राष्ट्रीय पुरस्कारांत खास उल्लेख झाला. मग २०१३ मध्ये ‘फँड्री’, २०१६ मध्ये ‘सैराट’. पुढचं तुम्हाला पाठ आहे!

वॉट्स आणि जेऊर यांच्यामध्ये अर्धी पृथ्वी आहे. पण फंडा एकच. ज्या वस्तीत वाढलो तिथेच कॅमेरा लावायचा. तिथल्याच पोरांना समोर उभं करायचं. आणि गोष्ट मुलाच्या उंचीवरून सांगायची.

हे कनेक्शन जुनंच

काळ्यांचं दुःख आणि जातीचं दुःख यांची सांगड आजच्या कुणा फिल्मवाल्याने घातलेली नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, तालुका खटाव, जिल्हा सातारा! डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉय यांचा पत्रव्यवहार १९४६ चा. मुंबईत १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, तिने नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर्सकडून घेतलं. आणि २०२३ मध्ये एव्हा डूव्हर्ने या कृष्णवर्णीय दिग्दर्शिकेने ‘ओरिजिन’ केला, तेव्हा त्यात बाबासाहेब आले.

हॉलिवूडला ही गोष्ट सापडली. आपल्याला मात्र ती गाडीच्या खिडकीतून रोज दिसत असते.

नऊ वर्षांचा मुलगा, नवे कपडे

पुणे-मिरज लाइनवर मसूर नावाचं छोटं स्टेशन आहे. साल १९०१. उन्हाळ्याची सुट्टी. साताऱ्यात राहणाऱ्या मुलांना वडिलांनी गोरेगावला बोलावलंय, तेही खटाव तालुक्यातलंच. मुलं खूश. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे! पण मसूरला कुणी घ्यायलाच आलेलं नाही, कारण पत्र आल्याचं वडिलांना सांगायला नोकर विसरला. एवढी नीटनेटकी मुलं पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने विचारपूस करतात. मुलं जात सांगतात. मास्तरांचा चेहरा बदलतो.

बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी एक जण तयार होतो, पण दुप्पट भाडं घेऊन. गाडी मुलांनीच हाकायची, हा मागून चालणार! डब्यात जेवण आहे, पण पाणी कुणी देत नाही. मुलं रात्र उपाशी काढतात आणि दुसऱ्या दिवशी पोहोचतात.

त्यांच्यातला नऊ वर्षांचा मुलगा म्हणजे भीमराव. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्याशा आत्मकथनात त्यांनी हे इंग्रजीत लिहून ठेवलंय. शाळेत बसायला वेगळं गोणपाट होतं, ते रोज घरून न्यायचं. नळाला हात लावायचा नाही, शिपाई नळ सोडेल तेव्हाच पाणी. शिपाई नाही, तर पाणी नाही. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्यातल्या ज्या शाळेत त्यांचं नाव दाखल झालं, ती आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. तिच्या रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकावर ती नोंद आहे. २०१७ पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो.

आता डायरेक्टरच्या नजरेने बघा. गोणपाट, नळ, नवी टोपी, बैलगाडी. यातली एकेक वस्तू एकेक फिल्म आहे. एकही डायलॉग न लिहिता!

सांगलीची दीड दिवसाची शाळा

सांगलीकरांनो, तुमच्याकडे वाटेगाव आहे. वाळवा तालुक्यातल्या या गावी मातंग कुटुंबात १ ऑगस्ट १९२० ला अण्णाभाऊ साठे जन्मले. शाळा किती? दीड दिवस! नंतर घरच्यांबरोबर पायी मुंबई गाठली. गिरणीत राबले, शाहिरी केली, ‘फकिरा’ लिहिली. या कादंबरीवर सिनेमाही निघाला. पण त्या दीड दिवसानंतर शाळेबाहेर पडलेल्या पोराचं काय? त्या संध्याकाळी तो कुठल्या वाटेने घरी गेला असेल? शॉर्टफिल्म तिथे सुरू होते.

“पण हे सगळं जुनं झालं ना?” हा प्रश्न येणारच. राज्यातल्या वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय सरकारने घेतला, तो डिसेंबर २०२० मध्ये. म्हणजे तोवर मुलं तीच नावं पत्ता म्हणून लिहीत होती. आणि शहरात? फ्लॅट भाड्याने घेताना “आडनाव काय?” हा प्रश्न कुणाला सहज वाटतो आणि कुणाच्या पोटात गोळा आणतो, हे आपल्या टीममध्येच विचारून पाहा. विचारायची हिंमत होत नसेल, तर तीसुद्धा एक स्टोरी आहे.

गोष्ट कुणाची, सांगायची कुणी?

खरा नाजूक मुद्दा हा. बर्नेट, रीस, मंजुळे हे सगळे त्या जगण्यातून आलेले. म्हणून त्यांच्या सिनेमातली मुलं बिचारी दिसत नाहीत. ती खेळतात, प्रेमात पडतात, चिडतात. ‘फँड्री’चा शेवट आठवा. जब्या दगड भिरकावतो, तो थेट आपल्याकडे! ज्याने हे भोगलेलं नाही, त्याने मुलाच्या डोळ्यांत फक्त अश्रू टाकले की फिल्म दयेची होते. मग अशाने फिल्म करायचीच नाही का? जरूर करा. पण मग कॅमेरा पाणी न देणाऱ्यावर लावा. चेहरा बदललेल्या त्या स्टेशनमास्तरांवर लावा. ती गोष्ट आपल्या घरातली असू शकते, आणि ती सांगणारे फार कमी आहेत.

वीकेंडला शूट करताय? एवढं लक्षात ठेवा

• एकच वस्तू, एकच दिवस निवडा. अख्खं आयुष्य पंधरा मिनिटांत मावत नाही.

• कॅमेरा मुलाच्या उंचीवर ठेवा. मोठी माणसं कमरेपर्यंतच दिसली तरी चालतील.

• कलाकार गावातलेच घ्या. मुलांच्या आईवडिलांना पूर्ण गोष्ट आधी सांगा, मगच हो म्हणवून घ्या.

• भाषा तिथलीच ठेवा. पुणेरी करायला जाऊ नका.

• रेल्वे स्टेशनवर शूटिंगला रेल्वेची परवानगी लागते. ती आधी काढा.

• गाणं वापरताय? हक्क आधी घ्या. नाहीतर बर्नेटसारखी तीस वर्षं थांबायची तयारी ठेवा!

• पहिला शो मल्टिप्लेक्सच्या स्वप्नात नको. तो त्याच वस्तीत, भिंतीवर चादर बांधून करा. तिथले लोक गप्प झाले की हसले, यावरून तुम्हाला फिल्मचा निकाल कळेल.