सहा जणांमागे एक

ॲडमिशनचा सीझन सुरू झाला की डिपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. 'फर्स्ट इयरच्या इंडक्शनसाठी व्हॉलंटिअर्स हवेत. इच्छुकांनी नावं द्यावीत.' बहुतेक जण तो वाचतात आणि पुढे सरकतात. काही जण टी-शर्ट आणि सर्टिफिकेट मिळणार म्हणून नाव देतात, तर काही जण मित्राने दिलं म्हणून. तुमच्या ग्रुपवर यंदा हा मेसेज आला तर नाव नक्की द्या. सीव्हीत एक ओळ वाढेल, हे खरं. पण त्या ओळीत न मावणारं बरंच काही या कामात मिळतं, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. नव्या मुलांना सोबत करणारे सीनिअर ही एखाद्या कॉलेजची हौस नाही. यूजीसीने २००९ साली रॅगिंग रोखण्यासाठी जे नियम केले, त्यात विद्यापीठांनी सीनिअर विद्यार्थ्यांचा 'मेंटॉरिंग सेल' उभा करावा असं म्हटलंय. त्याचं प्रमाणही दिलंय : सहा फ्रेशर्समागे एक मेंटॉर. पुढे २०१७ मध्ये एआयसीटीईने इंजिनीअरिंगसाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्रॅम आणला आणि २०१९ मध्ये यूजीसीने सगळ्याच शाखांसाठी 'दीक्षारंभ' नावाची मार्गदर्शिका काढली. नव्या मुलांनी एकमेकांना भेटावं, संस्थेशी नातं जोडावं, नियम समजून घ्यावेत आणि शिकण्याचा अनुभव घ्यावा, असे तिचे चार हेतू. कागदावर हे सगळं छान आहे. प्रत्यक्षात मात्र ऑडिटोरियममध्ये दोन तास भाषणं होतात, बिस्किटाचा पुडा मिळतो आणि इंडक्शन संपतं. खरं इंडक्शन त्यानंतर कॉरिडॉरमध्ये सुरू होतं. तिथे तुम्ही असता.

'माहीत नाही, विचारून सांगतो'

फ्रेशर्सचे प्रश्न अगदी साधे असतात. एटीकेटी म्हणजे नेमकं काय? ओपन इलेक्टिव्ह आपल्याच फॅकल्टीचं का घेता येत नाही? क्रेडिट म्हणजे मार्क का? आणि मग लक्षात येतं, की दोन वर्षं कॉलेजात काढूनही यातलं निम्मं आपल्यालाच धड सांगता येत नाहीये. थिअरीच्या एका क्रेडिटमागे १५ तासांचं शिकवणं असतं आणि प्रॅक्टिकलच्या क्रेडिटमागे ३० तासांचं, हे समोरच्याला समजावताना पहिल्यांदा आपलंच आपल्याला नीट कळतं. आजवर फक्त कॅन्टीन, क्लासरूम आणि पार्किंग एवढंच कॉलेज माहीत असतं. आता एक्झाम सेक्शनची खिडकी किती वाजता उघडते, स्कॉलरशिपचं काम कोणत्या टेबलावर होतं आणि तिथल्या मॅडमना कधी भेटलेलं बरं, हेही कळायला लागतं.

अशा वेळी अंदाजाने उत्तर ठोकून द्यायचा मोह होतो. सीनिअर आहोत, 'माहीत नाही' कसं म्हणायचं? पण इथे अंदाज महागात पडतो. स्कॉलरशिपचंच बघा. व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपमधून प्रवेश घेतलेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना राज्य सरकारने २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. पण त्यासाठी महाडीबीटीवर अर्ज करावा लागतो, कागदपत्रं लागतात आणि तारखा पाळाव्या लागतात. 'अगं, ते नंतर बघू, वेळ असतो' असं तुम्ही सहज म्हणालात आणि तारीख निघून गेली, तर तिकडे एखाद्या घरात उसनवारी करून फी भरली जाते. 'मला नक्की माहीत नाही, आज विचारून संध्याकाळपर्यंत सांगतो' हे वाक्य म्हणायला शिकणं ही या कामातली पहिली कमाई. आणि संध्याकाळी आठवणीने खरंच सांगणं, ही दुसरी. शब्द पाळायची सवय अशा छोट्या कामांतूनच लागते.

शेवटच्या राउंडमधून आलेले

इंडक्शनच्या फोटोंत कधीच न दिसणारा एक गट असतो. कॅपच्या शेवटच्या राउंडमधून ॲडमिशन मिळालेली मुलं. ती येतात तेव्हा भाषणं होऊन गेलेली असतात, बेंच ठरलेले असतात, लॅबच्या बॅचेस पडलेल्या असतात आणि वर्गाचा 'ऑफिशियल' ग्रुप सोडून दुसरा, खरा ग्रुपही तयार झालेला असतो. त्यातच होस्टेल मिळालेलं नसेल तर मुक्काम कुठेतरी नातेवाइकांकडे. पहिले पंधरा दिवस अशा मुलाशी कुणी बोललं नाही, तर त्याच्याबद्दल 'तो जरा एकलकोंडाच आहे' असं ठरूनच जातं.

म्हणून चांगल्या व्हॉलंटिअरचं काम पहिल्या दिवशी स्टेजवर दिसत नाही, ते तीन आठवड्यांनी दिसतं. हजेरीपटावर खाली पेनाने लिहिलेली नावं कुणाची आहेत, हे तो बघतो. त्यांना शोधून काढतो, जुन्या नोट्स कुणाकडे मिळतील ते सांगतो आणि डबा खायला एखाद्या घोळक्यात नेऊन बसवतो. एवढंच. पण ही नजर एकदा आली की ती पुढे जात नाही. मग लग्नाच्या हॉलमध्ये कोपऱ्यात एकटं बसलेलं माणूसही दिसायला लागतं.

भाषेचंही तसंच. 'प्लीज इंट्रोड्यूस युवरसेल्फ' म्हटलं की मराठी माध्यमातून आलेल्या निम्म्या पोरांचा घसा कोरडा पडतो. बारावीला चांगले मार्क मिळवलेली मुलगी स्वतःचं नाव सांगताना अडखळते आणि मग वर्षभर तोंड उघडत नाही. यावर उपाय अगदी सोपा आहे. गटात सगळ्यांत आधी तुम्ही स्वतःची ओळख मराठीत करून द्या. गाव, शाळा, आवडणारी भाजी, काहीही सांगा. 'मराठीत बोललं तरी चालेल' असं नुसतं म्हणून कुणी बोलत नाही. सीनिअरने स्वतः बोलून दाखवलं की बोलतात. गटात दुसऱ्या राज्यातलं कुणी असेल तर त्याच्यासाठी हिंदीत परत सांगा. चार माणसांना एका गप्पेत सामावून घ्यायचं कसब कोणत्याही पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या क्लासपेक्षा इथे लवकर येतं.

दादा, ताई आणि 'इंट्रो'

गळ्यात आयकार्ड आणि अंगात व्हॉलंटिअरचा टी-शर्ट आला की काहीतरी बदलतं. कालपर्यंत आपल्याला कुणी विचारत नव्हतं, आज पन्नास पोरं 'दादा, पुढे कुठे जायचं?' म्हणून मागे फिरताहेत. आयुष्यात मिळालेला हा बहुधा पहिला अधिकार. त्याचं काय करायचं, ते तुमच्या हातात आहे.

रॅगिंगची सुरुवात बऱ्याचदा 'इंट्रो दे' या दोन निरुपद्रवी शब्दांनी होते. मग एखादं गाणं म्हणायला लावलं जातं, एखादी नक्कल करायला लावली जाते आणि सगळे हसतात. 'मजा चाललीय यार, तोही हसतोय की!' असं कुणी म्हणेल. पण तो हसतोय, कारण त्याला दुसरा पर्याय दिसत नाहीये. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. देशभरासाठी यूजीसीची १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते. हा नंबर फ्रेशर्सच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून देणं हे तर तुमचं काम आहेच. पण त्याहून अवघड काम म्हणजे आपल्याच बॅचमधल्या मित्राला 'बास, सोड त्याला' असं चारचौघांत म्हणणं. कदाचित तो दोन दिवस बोलणार नाही. तरीही म्हणायचं. अनोळखी माणसाच्या बाजूने, आपल्या माणसासमोर उभं राहणं हे या वयात शिकलात तर पुढे ऑफिसात, सोसायटीत, घरातही ते उपयोगी पडेल.

ऐकायचं किती, उचलायचं किती

तीन-चार आठवडे गेले की प्रश्न बदलतात. 'दादा, लायब्ररी कुठे?' ऐवजी 'दादा, पाच मिनिटं आहेत का?' असं विचारलं जातं. घरची आठवण येते. ब्रँच चुकली असं वाटतं. रूममेटशी पटत नाही. घरी सांगितलं तर 'परत ये' म्हणतील याची भीती असते. 'होतं सुरुवातीला असं, सवय होईल' हे वाक्य अशा वेळी आपल्या जिभेवर तयारच असतं. ते गिळा. पाच मिनिटं नुसतं ऐकून घ्या. बहुतेकांना उत्तर नको असतं, कुणीतरी ऐकणारं हवं असतं. मधे न बोलता ऐकणं किती कठीण आहे, हे करून बघितल्याशिवाय कळत नाही.

मात्र तुम्ही समुपदेशक नाही, हेही पक्कं लक्षात ठेवा. कुणी जगणं नकोसं झाल्यासारखं बोलत असेल, जेवण-झोप सोडून बसलं असेल, तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. त्याला एकटं सोडू नका आणि तुमच्या फॅकल्टी मेंटॉरना किंवा कॉलेजच्या समुपदेशकांना त्याच दिवशी कळवा. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. आपल्याला झेपेल तेवढंच उचलणं आणि बाकीचं योग्य माणसाच्या हाती वेळेवर सोपवणं, यात कमीपणा नाही. मोठं होणं म्हणतात ते बरंचसं हेच असतं.

आणि आपलं काय?

कटकटही आहे, ती लपवायची कशाला? ऐन वेळी माइक बंद पडतो, प्रोजेक्टरची वायर सापडत नाही. आपली सबमिशन्स राहतात. कधी कधी व्हॉलंटिअर म्हणजे खुर्च्या उचलणारं फुकटचं मनुष्यबळ, असंही समजलं जातं. तेव्हा 'सर, शनिवारी प्रॅक्टिकल आहे, मला जमणार नाही' असं नम्रपणे पण स्पष्ट सांगायला शिका. हेही या कामातलंच शिक्षण आहे.

पुढे कधीतरी इंटरव्ह्यूमध्ये या कामाबद्दल विचारतील. तेव्हा 'माझ्यात लीडरशिप क्वालिटी आली' हे घासून गुळगुळीत झालेलं वाक्य नको. उशिरा आलेली किती मुलं तुम्ही शोधून काढलीत, कुणाचा फॉर्म तारखेच्या आत भरला गेला, कुठे कार्यक्रम फसत होता आणि तो कसा सावरलात, ते सांगा. तेवढं पुरतं.

तुमच्या कॉलेजात असं काहीच नसेल तर विद्यार्थी विकास अधिकारी किंवा एनएसएसच्या सरांना भेटा. सोबत पाच मित्र न्या आणि यूजीसीच्या नियमातलं सहास एक हे प्रमाण दाखवा. पहिल्या वर्षी सगळ्यांपर्यंत पोहोचता येणार नाही, नाही तर नाही. आपल्याच डिपार्टमेंटपासून सुरुवात करा. एका कागदावर सहा नावं लिहा, त्यांचे नंबर घ्या आणि सेमिस्टर संपेपर्यंत दर आठवड्याला एकदा विचारा, 'कसं चाललंय?'

त्याच नियमात आणखी एक गोष्ट आहे : सहा मेंटॉर्समागे त्यांच्याहून सीनिअर असा एक मेंटॉर असावा. म्हणजे पुढच्या वर्षी तुमची जबाबदारी आणखी वाढणार. आणि तुमच्या त्या सहांपैकी निदान एकाने तरी ग्रुपवरचा तो मेसेज वाचून पुढे न सरकता आपलं नाव दिलेलं असेल, तर तुमचं इंडक्शन खऱ्या अर्थाने पूर्ण झालं म्हणायचं.